एग्लंटाईन जेब

एग्लंटाईन जेब (जन्म : एल्समियर, श्रॉपशायर, इंग्लंड, २५ ऑगस्ट १८७६; मृत्यू : जिनिव्हा, स्वित्झर्लंड, १७ डिसेंबर १९२८) या ब्रिटिश समाजसेविका, लेखिका आणि बालहक्कांच्या पुरस्कर्त्या होत्या. पहिल्या महायुद्धानंतर उपासमारीच्या खाईत सापडलेल्या युरोपातील मुलांसाठी त्यांनी १९१९ मध्ये आपली धाकटी बहीण डोरोथी बक्स्टन यांच्यासह 'सेव्ह द चिल्ड्रन फंड' या निधीची स्थापना केली. बालकांच्या हक्कांचा पहिला आंतरराष्ट्रीय जाहीरनामा त्यांनीच तयार केला. हा जाहीरनामा राष्ट्रसंघाने १९२४ मध्ये स्वीकारला.

जेब यांच्या निधीने आरंभीच्या काळात स्वतःची मोठी यंत्रणा उभारली नाही. त्या त्या देशात आधीपासून काम करणाऱ्या संस्था, समित्या आणि कार्यकर्ते यांना अनुदाने देण्यावर त्याचा भर होता. धर्म, राष्ट्र किंवा पक्ष न पाहता गरज पाहून मदत द्यावी, दिलेल्या पैशाचा हिशेब ठेवावा आणि मदत घेणारा समाज पुढे स्वतःच्या पायावर उभा राहावा, ही त्या कार्यपद्धतीची मुख्य सूत्रे होती. परदेशांतील स्वयंसेवी संस्थांना लहान अनुदाने देण्याची जी पद्धत विसाव्या शतकात रुळली, तिच्या आरंभीच्या प्रवर्तकांमध्ये जेब यांची गणना होते.

== बालपण आणि कौटुंबिक पार्श्वभूमी ==

एग्लंटाईन यांचा जन्म श्रॉपशायर परगण्यातील एल्समियर या गावाजवळच्या 'द लिथ' नावाच्या वाड्यात झाला. वडील आर्थर ट्रेव्हर जेब हे जमीनदार होते. आईचे नावही एग्लंटाईन असेच होते. सहा भावंडांमध्ये एग्लंटाईन चौथ्या. घरची स्थिती सुखवस्तू होती. मुले मोकळ्या माळावर घोड्यावर बसत, घरात नाटके करीत आणि गोष्टी लिहीत. एग्लंटाईन यांची लेखनाची आवड याच काळातील.

आईने ग्रामीण भागातील श्रमिकांना लाकडावरील कोरीवकामासारख्या हस्तकला शिकविण्याचे वर्ग सुरू केले होते. त्यातून १८८४ मध्ये 'होम आर्ट्स अँड इंडस्ट्रीज असोसिएशन' ही संस्था उभी राहिली. गरजूच्या हातात पैसा ठेवण्यापेक्षा त्याच्या हाताला काम द्यावे, हा विचार एग्लंटाईन यांनी प्रथम घरातच पाहिला. आईचे बंधू रिचर्ड क्लॅव्हरहाऊस जेब हे केंब्रिजमधील ग्रीक भाषेचे ख्यातनाम विद्वान आणि संसद सदस्य होते.

वडिलांचे निधन १८९४ मध्ये झाले. धाकटा भाऊ गॅम्युल १८९६ मध्ये शाळेत शिकत असतानाच न्यूमोनियाने दगावला. या दोन मृत्यूंचा एग्लंटाईन यांच्या मनावर खोल परिणाम झाला. त्यांच्या पुढील लेखनात आढळणाऱ्या धार्मिक चिंतनाचे मूळ चरित्रकार या काळात शोधतात.

== शिक्षण आणि अध्यापन ==

मुलींनी उच्च शिक्षण घ्यावे की नाही, याबद्दल वडील साशंक होते. परंतु सुशिक्षित आत्या लुईझा यांनी भाचीला पाठबळ दिले. एग्लंटाईन यांनी १८९५ ते १८९८ या काळात ऑक्सफर्डच्या लेडी मार्गारेट हॉल या महाविद्यालयात इतिहासाचे अध्ययन केले. त्या काळी ऑक्सफर्ड विद्यापीठात स्त्रियांना शिकता येत असे, मात्र पदवी मिळत नसे. तो अधिकार त्यांना १९२० मध्ये मिळाला.

शिक्षण पूर्ण झाल्यावर त्यांच्या वर्गातील इतर मुलींप्रमाणे घरी न बसता त्यांनी लंडनमधील स्टॉकवेल येथील अध्यापक महाविद्यालयात प्रशिक्षण घेतले. त्यानंतर मार्लबरो येथील सेंट पीटर्स या प्राथमिक शाळेत त्या शिक्षिका झाल्या. शाळेत गरीब घरांतील मुले होती आणि वर्ग मोठे होते. एग्लंटाईन यांना हे काम झेपले नाही. आपल्याला मुलांना शिकविण्याची हातोटी नाही, असे त्यांचे प्रामाणिक मत झाले. प्रकृतीही ढासळली आणि थोड्याच काळात त्यांनी नोकरी सोडली.

पुढे जगभरच्या मुलांसाठी आयुष्य वेचणाऱ्या या स्त्रीचा मुलांच्या सहवासात फारसा जीव रमत नसे, हे त्यांनी स्वतःच मान्य केलेले आहे. त्यांनी लग्न केले नाही. मुलांविषयीच्या त्यांच्या कार्याचा आधार लळा किंवा वात्सल्य हा नव्हता. तो न्यायाचा आणि कर्तव्याचा होता, ही गोष्ट त्यांच्या कामाचे स्वरूप समजून घेताना महत्त्वाची ठरते.

== केंब्रिजमधील समाजकार्य ==

नोकरी सोडल्यानंतर एग्लंटाईन आईसह केंब्रिज येथे राहू लागल्या. तेथे 'चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी' या संस्थेच्या कामात त्या सहभागी झाल्या. अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांच्या मातोश्री फ्लॉरेन्स एडा केन्स या तेथील प्रमुख कार्यकर्त्या होत्या. दानधर्म करण्यापूर्वी कुटुंबाची चौकशी करावी, एकाच घराला चार ठिकाणांहून मदत जाऊन दुसरे घर उपाशी राहू नये, आणि मदतीने माणूस कायमचा परावलंबी होऊ नये, अशी या संस्थेची भूमिका होती. या कडक धोरणावर टीकाही होत असे. चौकशीच्या नावाखाली गरिबांचीच उलटतपासणी होते, असा तिचा रोख होता.

एग्लंटाईन यांनी शहरातील गरिबी, घरे, आरोग्य, मद्यपान, शिक्षण आणि रोजगार यांची पाहणी केली. तिच्यावर आधारित त्यांचा सामाजिक प्रश्नांचा अभ्यास १९०६ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. शहरात काम करणाऱ्या धर्मादाय संस्थांची माहितीही त्यात दिली होती. कोणती संस्था कोणते काम करते, कोणत्या भागात करते आणि उणीव कोठे आहे, हे समजल्याशिवाय पैसा योग्य ठिकाणी पोहोचत नाही, हे या कामातून त्यांच्या लक्षात आले. शाळा सोडलेल्या मुलांना धंदा शिकता येईल अशी कामे मिळवून देणारी एक नोंदणी कचेरीही त्यांनी केंब्रिजमध्ये चालविली.

== मॅसेडोनिया (१९१३) ==

पहिल्या बाल्कन युद्धानंतर १९१३ मध्ये मॅसेडोनियन रिलीफ फंड या निधीच्या वतीने एग्लंटाईन बाल्कन प्रदेशात गेल्या. डोरोथी यांचे पती चार्ल्स रोडेन बक्स्टन हे बाल्कन प्रश्नाशी निगडित होते. त्यांच्यामुळे ही जबाबदारी एग्लंटाईन यांच्याकडे आली. ऑटोमन सत्ता मागे हटल्यानंतर त्या भागात वांशिक सूड उगवले जात होते. घरे जळाली होती, गावे ओस पडली होती आणि हजारो निर्वासित उघड्यावर थंडीला तोंड देत होते. मॉनेस्टिर (आजचे बितोला) आणि आसपासच्या भागांतील मदतकेंद्रांची त्यांनी पाहणी केली.

मायदेशी परतल्यावर त्यांनी निधी जमविण्यासाठी व्याख्याने दिली आणि लेख लिहिले. बाल्कनमधील अनुभवातून त्यांनी दोन निष्कर्ष काढले. पहिला असा, की युद्धाची सर्वांत मोठी किंमत युद्धात कोणताही वाटा नसलेली माणसे, विशेषतः मुले, मोजतात. दुसरा असा, की संकट कोसळल्यावर पाठविलेली रजई आणि भाकरी आवश्यक असली तरी पुरेशी नसते. गावाला पुन्हा शेती, धंदा आणि परस्परविश्वास मिळेपर्यंत मदतीचे काम संपत नाही.

यानंतर त्या 'ॲग्रिकल्चरल ऑर्गनायझेशन सोसायटी' या संस्थेसाठी काम करू लागल्या. आयर्लंडमध्ये सर होरेस प्लंकेट यांनी शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांची चळवळ उभारली होती. त्याच धर्तीवर इंग्लंडमध्ये सहकाराचा प्रसार करणारी ही संस्था होती. तिच्या मुखपत्राचे संपादन एग्लंटाईन यांनी केले. लहान शेतकरी एकत्र आले की बियाणे, खत आणि बाजार यांवर त्यांचा ताबा वाढतो, हे सहकाराचे तत्त्व त्यांना दानधर्मापेक्षा अधिक टिकाऊ वाटले.

== महायुद्ध, नाकेबंदी आणि खटला ==

पहिल्या महायुद्धाच्या काळात शत्रुराष्ट्रांतील आणि तटस्थ देशांतील वृत्तपत्रे मागविण्याची परवानगी डोरोथी यांनी सरकारकडून मिळविली. त्यांतील निवडक मजकुराची भाषांतरे 'केंब्रिज मॅगझीन' या नियतकालिकात प्रसिद्ध होऊ लागली. त्याचे संपादक सी. के. ऑग्डेन हे होते. एग्लंटाईन यांनी या भाषांतराच्या कामात भाग घेतला. जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरीतील सामान्य माणसांची, विशेषतः मुलांची दैना या वाचनातून दोघी बहिणींना दिसू लागली.

११ नोव्हेंबर १९१८ रोजी युद्धविराम झाला, परंतु मित्रराष्ट्रांनी लादलेली सागरी नाकेबंदी उठली नाही. तहावर सह्या होईपर्यंत, म्हणजे १९१९ च्या उन्हाळ्यापर्यंत, ती या ना त्या स्वरूपात चालू राहिली. अन्न, दूध, कोळसा आणि औषधे यांचा तुटवडा झाला. व्हिएन्नामध्ये मुडदूस आणि क्षय यांनी ग्रासलेल्या मुलांची संख्या वाढली. ही नाकेबंदी उठवावी यासाठी ब्रिटनमध्ये १९१९ च्या आरंभी 'फाईट द फॅमिन कौन्सिल' ही संघटना स्थापन झाली. दोघी बहिणी तिच्या प्रमुख कार्यकर्त्यांपैकी होत्या.

एप्रिल १९१९ मध्ये लंडनच्या ट्रफाल्गर चौकात एग्लंटाईन यांनी पत्रके वाटली. ऑस्ट्रियातील एका कुपोषित बालकाचे छायाचित्र त्यावर होते, आणि अशा मुलांच्या स्थितीला नाकेबंदी कारणीभूत असल्याचे त्यात म्हटले होते. ही पत्रके सरकारी परीक्षणासाठी सादर केलेली नसल्याने युद्धकालीन कायद्याखाली त्यांना अटक झाली. त्यांच्यासह कार्यकर्त्या बार्बरा आयर्टन-गूल्ड यांच्यावरही खटला भरण्यात आला. मे महिन्याच्या मध्यास लंडनच्या मॅन्शन हाऊस येथे सुनावणी झाली. एग्लंटाईन यांनी स्वतःची बाजू स्वतःच मांडली. कायद्याचा भंग झाला हे नाकारता येण्याजोगे नव्हते, म्हणून त्यांनी मुख्यतः नैतिक भूमिकेतून युक्तिवाद केला.

न्यायालयाने त्यांना दोषी ठरवून ५ पौंड दंड केला. त्यांच्याविरुद्ध बाजू मांडणारे सरकारी वकील सर आर्चिबाल्ड बॉडकिन यांनी सुनावणीनंतर तेवढीच रक्कम त्यांच्या हाती ठेवली. ती एग्लंटाईन यांनी मुलांच्या मदतीसाठी जमा केली. 'सेव्ह द चिल्ड्रन फंड'ला मिळालेली पहिली देणगी म्हणून या ५ पौंडांचा उल्लेख केला जातो.

== सेव्ह द चिल्ड्रन फंड ==

नाकेबंदीविरुद्धची राजकीय चळवळ आणि मुलांना प्रत्यक्ष मदत ही दोन कामे एकाच संघटनेतून साधणे कठीण होते. सरकारच्या धोरणाशी सहमत असलेला माणूसही उपाशी मुलासाठी पैसे देऊ शकेल, पण तो राजकीय मोहिमेला देणगी देणार नाही, हे उघड होते. त्यामुळे मदतनिधी वेगळा करण्यात आला. १९ मे १९१९ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये झालेल्या सभेत 'सेव्ह द चिल्ड्रन फंड'ची जाहीर सुरुवात झाली.

युद्ध संपून सहा महिनेच झाले होते. ब्रिटनमधील असंख्य घरांतील तरुण आघाडीवर मारले गेले होते. अशा वेळी शत्रूच्या मुलांसाठी पैसे मागणे अनेकांना देशद्रोह वाटत होता. सभेला काही लोक रोष व्यक्त करण्याच्या तयारीनेच आले होते. परंतु वक्त्यांचे आवाहन प्रभावी ठरले आणि सभेतच देणग्या जमा होऊ लागल्या. खाणकामगारांचे नेते रॉबर्ट स्मायली यांनी निधीला पाठिंबा दिला. नाटककार जॉर्ज बर्नार्ड शॉ हेही समर्थकांत होते.

डोरोथी यांनी पुढे राजकीय कार्याकडे अधिक लक्ष दिले आणि निधीची धुरा एग्लंटाईन यांच्याकडे आली. त्या संस्थेच्या मानद चिटणीस होत्या. निधी जमविण्यासाठी त्यांनी व्यावसायिक जाहिरातींचा मार्ग धरला. वृत्तपत्रांत पानभर जाहिराती देण्यात आल्या आणि उपाशी मुलांची छायाचित्रे छापण्यात आली. धर्मादाय संस्थेने जाहिरातीवर पैसा खर्च करावा, हे त्या काळी अनेकांना रुचले नाही. परंतु देणग्यांचा ओघ वाढला.

डिसेंबर १९१९ मध्ये एग्लंटाईन यांनी रोम येथे पोप पंधरावे बेनेडिक्ट यांची भेट घेतली. पोप यांनी जगभरातील कॅथलिक चर्चमध्ये मध्य युरोपातील मुलांसाठी वर्गणी गोळा करण्याचे आवाहन केले होते. पुढील वर्षीच्या परिपत्रकात त्यांनी 'सेव्ह द चिल्ड्रन फंड'चा नावानिशी उल्लेख केला. एग्लंटाईन स्वतः अँग्लिकन होत्या. निरनिराळ्या पंथांच्या धर्मगुरूंना एकाच कामासाठी एकत्र आणणे, ही त्या काळाच्या मानाने असामान्य गोष्ट होती.

== अनुदानाची कार्यपद्धती ==

निधीकडे आरंभी परदेशात स्वतःचे कर्मचारी जवळजवळ नव्हते. जमलेला पैसा जागेवर काम करणाऱ्या संस्थांना अनुदानरूपाने दिला जाई. व्हिएन्ना आणि जर्मनीतील कामासाठी क्वेकर पंथीयांच्या मदत समित्यांना अशी अनुदाने मिळाली. अन्नछत्रे, दूधवाटप केंद्रे, रुग्णालये आणि अनाथालये यांना त्यातून आधार मिळाला.

या पद्धतीचे काही लाभ होते. स्थानिक संस्थेला भाषा येत असे, वस्ती माहीत असे आणि कोणत्या घरात खरी गरज आहे हे ठाऊक असे. लंडनहून माणसे पाठविण्याचा खर्च वाचत असे. रक्कम लहान असली तरी ती चालू असलेल्या कामात पडत असल्याने तिचा उपयोग लगेच होई. अडचणीही होत्या. दूरच्या संस्थेने पैसा कसा खर्च केला, हे देणगीदाराला समजणे कठीण असे. यासाठी एग्लंटाईन यांनी हिशेब, पाहणी आणि नियमित अहवाल यांवर भर दिला. चांगल्या व्यापारी पेढीचा कारभार जितक्या विचाराने आणि काटेकोरपणे चालतो, तितक्याच काळजीने मदतीचे काम चालले पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. निधीचे मुखपत्र देणगीदारांपर्यंत कामाची माहिती पोहोचवीत असे.

अनुदानातून स्थानिक नेतृत्व उभे राहते, याचे एक उदाहरण बुडापेस्ट येथे दिसते. तेथे ज्युलिया वाजकाई या हंगेरियन कार्यकर्तीने निधीच्या साहाय्याने गरीब मुलींसाठी कार्यशाळा चालविल्या. मुलींना तेथे जेवण मिळे आणि त्याबरोबर शिवणकामासारखे उपजीविकेचे कौशल्यही शिकता येई. एग्लंटाईन यांच्या आईने श्रॉपशायरमध्ये चालविलेल्या वर्गांशी या कामाचे साम्य सहज लक्षात येते.

== आंतरराष्ट्रीय संघटना ==

एकाच देशाच्या निधीवर हे काम अवलंबून राहू नये, म्हणून ६ जानेवारी १९२० रोजी जिनिव्हा येथे 'इंटरनॅशनल सेव्ह द चिल्ड्रन युनियन' या संघटनेची स्थापना झाली. तिला आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीचे पाठबळ लाभले. ब्रिटनमधील निधी आणि १९१९ मध्येच स्थापन झालेली स्वीडनमधील 'राडा बार्नेन' ही संस्था तिच्या आरंभीच्या सदस्यांपैकी होत्या. पुढे अनेक देशांतील समित्या तिच्याशी जोडल्या गेल्या.

या संघटनेत देणारे आणि घेणारे असे कायमचे दोन गट असू नयेत, असा एग्लंटाईन यांचा आग्रह होता. आज मदत घेणाऱ्या देशातही राष्ट्रीय समिती असावी आणि परिस्थिती सुधारल्यावर तिने इतरांना मदत करावी, ही त्यामागील कल्पना होती. युद्धात एकमेकांविरुद्ध लढलेल्या देशांचे प्रतिनिधी या निमित्ताने एका मेजाभोवती बसू लागले.

== रशियातील दुष्काळ ==

१९२१ मध्ये रशियातील व्होल्गा नदीच्या खोऱ्यात भीषण दुष्काळ पडला. युद्ध, यादवी, धान्याची सक्तीची वसुली आणि अवर्षण ही त्याची कारणे होती. नॉर्वेचे संशोधक फ्रिड्‌चॉफ नान्सेन यांनी आंतरराष्ट्रीय मदतकार्याचे नेतृत्व केले. 'सेव्ह द चिल्ड्रन फंड'ने साराटोव्ह प्रांताची जबाबदारी घेतली. येथे केवळ अनुदान देऊन भागणारे नव्हते, कारण पैसा घेऊन काम करू शकतील अशा स्वतंत्र संस्थाच त्या भागात उरल्या नव्हत्या. निधीला प्रथमच जहाजाने धान्य पाठवून स्वतःची स्वयंपाकघरे मोठ्या प्रमाणावर उभारावी लागली. ही केंद्रे चालविण्यासाठी स्थानिक रशियन माणसांचीच मदत घेण्यात आली. लाखो मुलांना या केंद्रांतून अन्न मिळाले.

बोल्शेव्हिक राजवटीतील लोकांना मदत करण्यास ब्रिटनमध्ये तीव्र विरोध झाला. 'डेली एक्स्प्रेस' या वृत्तपत्राने निधीवर टीकेची मोहीम चालविली. दुष्काळाच्या बातम्या अतिरंजित आहेत आणि ब्रिटनमधील बेकारांच्या मुलांना आधी पाहावे, असे आक्षेप घेण्यात आले. निधीने दुष्काळी भागात चित्रित केलेला चित्रपट ब्रिटनमध्ये दाखवून त्यास उत्तर दिले. मदतकार्यासाठी चलच्चित्राचा वापर झाल्याच्या आरंभीच्या उदाहरणांपैकी हे एक होय. पुढे १९२६ च्या खाणसंघर्षाच्या काळात ब्रिटनमधील खाणकामगारांच्या मुलांनाही निधीने साहाय्य केले.

== बालहक्कांचा जाहीरनामा ==

युरोपातील तातडीची उपासमार ओसरू लागली, तशा देणग्याही घटू लागल्या. दया ही बातमीबरोबर येते आणि बातमीबरोबर जाते, याचा अनुभव एग्लंटाईन यांना आला होता. मुलांचे पोषण दात्यांच्या मर्जीवर अवलंबून राहू नये, तो मुलांचा हक्क मानला जावा, असे त्यांनी ठरविले. जिनिव्हाजवळच्या सालेव्ह डोंगरावर बसून त्यांनी या हक्कांचा पहिला मसुदा लिहिला, असे सांगितले जाते.

हा जाहीरनामा अवघ्या पाच कलमांचा होता. मुलाच्या शारीरिक आणि आत्मिक वाढीसाठी आवश्यक ती साधने त्याला मिळावीत. भुकेल्याला अन्न, आजाऱ्याला शुश्रूषा, मागे पडलेल्याला साहाय्य, वाट चुकलेल्याला सुधारण्याची संधी आणि अनाथाला आसरा मिळावा. संकटकाळी मदत सर्वप्रथम मुलांना मिळावी. मुलाला उपजीविका करता येईल असे घडवावे आणि त्याचे शोषण होऊ देऊ नये. आपल्या गुणांचा उपयोग मानवबंधूंच्या सेवेसाठी करावयाचा आहे, या जाणिवेत त्याला वाढवावे. असा त्याचा आशय होता. कोणत्याही देशातील सामान्य माणसाला समजावा, म्हणून तो मुद्दाम लहान ठेवला होता.

इंटरनॅशनल सेव्ह द चिल्ड्रन युनियनने १९२३ मध्ये हा जाहीरनामा संमत केला. २६ सप्टेंबर १९२४ रोजी राष्ट्रसंघाच्या सभेने त्यास मान्यता दिली. तो 'जिनिव्हा जाहीरनामा' या नावाने ओळखला जातो. तो सदस्य राष्ट्रांवर कायद्याने बंधनकारक नव्हता. तरीही देशोदेशींच्या संस्थांना आपापल्या सरकारांकडे मागणी करण्यासाठी त्याचा आधार मिळाला.

== अखेरची वर्षे आणि मृत्यू ==

१९२५ पासून एग्लंटाईन यांनी राष्ट्रसंघाच्या बालकल्याणविषयक सल्लागार समितीत काम केले. याच सुमारास निधीचे लक्ष निर्वासितांच्या पुनर्वसनाकडे वळले. बल्गेरियात निर्वासित कुटुंबांसाठी निधीच्या पैशातून एक गाव वसविण्यात आले. अथॉलच्या डचेस यांच्या नावावरून त्याला अतोलोव्हो हे नाव मिळाले. अन्नछत्रापासून गाव वसविण्यापर्यंतचा हा प्रवास एग्लंटाईन यांच्या १९१३ मधील बाल्कन अनुभवाशी जोडलेला होता.

युरोपाबाहेरील मुलांकडे लक्ष देण्याची आवश्यकता त्यांना तीव्रतेने जाणवत होती. आशिया आणि आफ्रिकेतील बालमृत्यू आणि बालमजुरी यांचा अभ्यास व्हावा, असे त्यांचे म्हणणे होते. आयुष्याच्या अखेरीस त्यांनी चिनी भाषा शिकण्यास प्रारंभ केला होता. आफ्रिकेतील मुलांविषयीची आंतरराष्ट्रीय परिषद त्यांच्या मृत्यूनंतर १९३१ मध्ये जिनिव्हा येथे भरली.

कंठस्थ ग्रंथीच्या विकाराने त्या अनेक वर्षे आजारी होत्या. अतिश्रमांमुळे प्रकृती आणखी खालावली. शस्त्रक्रियांनंतर १७ डिसेंबर १९२८ रोजी जिनिव्हा येथे वयाच्या ५२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तेथील सेंट जॉर्ज दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले. त्यांचा एक निबंध १९२९ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झाला.

== टीका आणि मूल्यमापन ==

एग्लंटाईन यांच्या कार्यपद्धतीवर त्यांच्या हयातीत आणि नंतरही टीका झाली. कृश मुलांची छायाचित्रे दाखवून निधी जमविणे योग्य आहे काय, हा प्रश्न तेव्हापासून आजतागायत विचारला जातो. अशा चित्रांमुळे पैसा मिळतो, परंतु चित्रातील माणसे केवळ दयेचा विषय ठरतात, असे आक्षेपकांचे म्हणणे आहे. अनुदान देणाऱ्या दूरच्या संस्थेच्या हाती निर्णयाचे अधिकार एकवटतात, हाही एक आक्षेप आहे. जाहीरनाम्यात मुलांच्या संरक्षणाचा विचार आहे, पण स्वतःचे मत मांडण्याच्या त्यांच्या हक्काचा उल्लेख नाही, याकडेही अभ्यासकांनी लक्ष वेधले आहे.

दुसरीकडे, सरकारच्या परराष्ट्र धोरणापासून स्वतंत्र राहून शत्रुराष्ट्रातील नागरिकांना मदत करण्याचे तत्त्व त्यांनी प्रत्यक्षात आणले, हे त्यांचे मोठे योगदान मानले जाते. स्थानिक संस्था असतील तेथे त्यांना अनुदान द्यावे आणि नसतील तेथेच स्वतःची यंत्रणा उभारावी, हा त्यांच्या निधीचा अनुभव आंतरराष्ट्रीय साहाय्याच्या क्षेत्रात आजही चर्चेत असतो.

== वारसा ==

इंटरनॅशनल सेव्ह द चिल्ड्रन युनियनचे १९४६ मध्ये दुसऱ्या एका बालकल्याण संस्थेशी विलीनीकरण झाले. 'सेव्ह द चिल्ड्रन' ही संस्था आज जगातील अनेक देशांत कार्यरत आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २० नोव्हेंबर १९५९ रोजी बालहक्कांचा विस्तृत जाहीरनामा स्वीकारला. त्याची पूर्वपीठिका १९२४ च्या जिनिव्हा जाहीरनाम्यात होती. त्यानंतर बरोबर ३० वर्षांनी, २० नोव्हेंबर १९८९ रोजी, बालहक्कांचा करार संमत झाला. हा करार त्यास मान्यता देणाऱ्या राष्ट्रांवर बंधनकारक आहे. भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी त्यास मान्यता दिली. त्यामुळे भारतातील बालहक्कविषयक कायदे आणि आयोग यांच्या इतिहासातही एग्लंटाईन जेब यांच्या पाच कलमी जाहीरनाम्याचा उल्लेख येतो.

२०२४ मध्ये, जिनिव्हा जाहीरनाम्याच्या शताब्दी वर्षात, त्यांचे अवशेष जिनिव्हा येथील मान्यवरांसाठी राखीव असलेल्या 'सिमेतिएर दे र्‍वा' या दफनभूमीत समारंभपूर्वक हलविण्यात आले.